पेट्रोल भरलं की गाडी थरथरते, पेट्रोल पंप बदलू का?

पंप नंतर बदला. आधी सांगा, टाकी तोंडापर्यंत भरता का?

तुम्ही लिहिलंय की पेट्रोल भरून निघताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, आयडलला (इंजिन चालू, गाडी उभी) गाडी थरथरते, दहा मिनिटांनी आपोआप नीट होते, आणि मुंबईत बिनभेसळीचा पंप कुठला. याच दुखण्यात माझे आठ महिने गेले, म्हणून लिहायला बसले.

आम्ही भांडुपला राहतो, गाडी २०१५ ची पेट्रोल. चालवते मी, पण रविवारी पंपावर सासरे सोबत असतात. त्यांची सगळी नोकरी एसटीत चालक म्हणून झाली, त्यामुळे गाडीच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. नोझल खट् करून बंद झालं की ते खिडकीतून हात काढून सांगायचे, "अजून बसेल, हळूहळू सोड." पंपावरचा मुलगा गाडी बाजूने हलवायचा, बुडबुडे निघाले की पुन्हा थेंब थेंब सोडायचा, नळीच्या तोंडाशी पेट्रोल चमकताना दिसेपर्यंत. मग किल्ली फिरवली की सेल्फ नुसता फिरत राहायचा. गाडीने पकडलंच तर आरपीएमचा काटा खाली-वर, स्टिअरिंग हातात कापतंय, कच्च्या पेट्रोलचा वास. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चालू, सोडला की बंद. मागे रिक्षांचे हॉर्न. आणि विक्रोळी येईपर्यंत सगळं सुरळीत.

सगळ्यांचं एकच मत, भेसळ. मुलुंड, ऐरोली, ठाणे, तिन्हीकडे भरून पाहिलं, त्रास तोच. पहिल्या गॅरेजने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. दुसऱ्याने गाडीतला, टाकीतून इंजिनाला पेट्रोल पाठवणारा फ्युएल पंपच बदलायला लावला. मी दोघांनाही सांगत होते की त्रास फक्त पेट्रोल भरल्यावर होतो, एरवी एकदाही नाही. उत्तर मात्र नवऱ्याकडे बघून मिळायचं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी पेट्रोल मांडायला लागले. एकटीने पाचशेचं भरलं त्या तारखांना किंचित थरथर किंवा काहीच नाही. फुल टाकीच्या प्रत्येक तारखेला त्रास.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने ते पान नीट वाचलं. थंड इंजिन चालू करून त्यांनी पर्ज व्हॉल्व्हला (इंजिनात पेट्रोलची वाफ सोडणारी झडप) कॅनिस्टरकडून, म्हणजे वाफ साठवणाऱ्या डब्याकडून, येणारी बारीक नळी काढली आणि म्हणाले, "मॅडम, इथे बोट ठेवा." बोट खेचलं गेलं. थंड इंजिन आयडलला असताना तिथे ओढ नसायला हवी. व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता.

टाकीतली वाफ कॅनिस्टरमधल्या कोळशात साठते आणि इंजिन गरम झालं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडून ती जाळायला घेतो. व्हॉल्व्ह मिटतच नसेल तर नुकत्याच भरलेल्या, ढवळलेल्या टाकीतली वाफ स्टार्ट करतानाच इंजिनात शिरते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तोंडापर्यंत भरलं तर वाफेच्या वाटेने पेट्रोलच त्या डब्यात उतरतं. आमचा डबा उलटा केला तेव्हा पेट्रोल गळलं आणि त्याबरोबर कोळशाची काळी भुकटी. तीच व्हॉल्व्हमध्ये बसली होती. दोन्ही बदललं, फ्युएल पंपाच्या बिलाच्या निम्म्यात. ते गॅरेजवाले थोडं ऐकून घेते तर तो खर्च झालाच नसता.

सासरे अजूनही म्हणतात, "तीस वर्षं टाक्या फुल करून चालवल्या, काही झालं नाही." बाबा, झालं नाही कारण त्या गाड्या डिझेलच्या होत्या. डिझेलची वाफ फारशी होत नाही, त्या गाड्यांना हा कॅनिस्टरच नसतो. घाटात गाडी कशी उतरवायची हे मी तुमच्याकडूनच शिकले, ते कधी विसरणार नाही. पण पेट्रोलच्या टाकीत वर थोडी जागा मोकळी ठेवलेली असते ती वाफेसाठी. ती भरून काही फायदा होत नाही.

हे सगळं दहा मिनिटांत बरी होणाऱ्या गाडीला लागू. पुढे चालवतानाही गचके येत असतील, चढावर दम तुटत असेल, तर पेट्रोलमध्ये पाणी असू शकतं, पावसाळ्यात तर जास्तच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि फ्युएल पंप तळातूनच ओढतो. अशा वेळी गाडी दामटू नका, टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवा, खाली वेगळा थर दिसतो का बघा. चुकून डिझेल भरलं गेलं असेल तर किल्लीच फिरवू नका. चांगल्या पंपाचं म्हणाल तर, संशय असेल तिथे फिल्टर पेपर मागा, तो द्यावाच लागतो. नोझलचा थेंब त्यावर टाका, तो उडून गेल्यावर डाग राहायला नको. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल यावर उपाय नाही.

आणि पहिल्या खट् ला थांबवायला सांगा, राऊंड फिगरसाठीसुद्धा पुढे नको. १९८७ रुपये ४० पैसे झाले तर तेवढेच यूपीआयने द्या.