प्लंबर येईपर्यंत

पाईप फुटणे, गळणे आणि तुंबणे याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर जाणीवपूर्वक सविस्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण आज शहरातल्या जवळपास प्रत्येक सदनिकेत दबा धरून बसलेली आहे.

प्रश्न : आम्ही पुण्यात एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास वॉश बेसिनखालचा कनेक्शन पाईप अचानक फुटला. पाईपजवळच्या भिंतीतला, पाणी बंद करण्याचा अँगल कॉक फिरेना, म्हणून आम्ही गच्चीवर धावलो, तर गच्चीला कुलूप होते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते परगावी गेले होते. दुसरी किल्ली मिळेपर्यंत पाऊण तास गेला. वर पोहोचल्यावर दहा-बारा कॉकपैकी आमचा कोणता, हेही कळेना. खालच्या घराचे छत भिजले, आमचे फर्निचर फुगले. प्लंबर सकाळी आठ वाजता आला. मधल्या वेळात आम्ही नेमके काय करायला हवे होते? — एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही गच्चीकडे धावलात ते योग्यच होते. परंतु घरात एकाहून अधिक माणसे असतील, तर सर्वांनी एकाच दिशेने धावू नये. एकाने विजेकडे पाहावे, एकाने पाण्याकडे, आणि एकाने लगेच खालच्या मजल्यावर जाऊन दार वाजवावे. हे तिसरे काम संकोचामुळे बहुतेक जण सर्वांत शेवटी करतात. खालच्या कुटुंबाला पाच मिनिटे आधी कळले, तर ते दिव्यांचे सर्किट बंद करू शकतात, पलंग आणि कपाटे बाजूला ओढू शकतात, छताखाली बादल्या ठेवू शकतात. त्या पाच मिनिटांनी त्यांचे नुकसान आणि तुमचे संबंध दोन्ही वाचतात.

विजेचे काम पाण्याच्याही आधीचे आहे. गीझर प्रथम बंद करावा आणि ज्या खोलीत पाणी पसरत आहे, तेथील एमसीबी (वीज तोडणारा बोर्डातला खटका) खाली ओढावा. जमिनीवर पाणी साचलेले असताना त्यात उभे राहून कोणत्याही बटणाला किंवा प्लगला हात लावू नये. बोर्डच भिजला असेल किंवा तेथपर्यंत कोरडे जाता येत नसेल, तर खाली मीटरच्या खोलीत जाऊन आपल्या घराचा मुख्य स्विच बंद करावा.

आता न फिरणाऱ्या अँगल कॉकविषयी. हा कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर बंद होतो, परंतु वर्षानुवर्षे हात न लागल्याने आणि बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांमुळे तो जाम होतो. त्याला कोरड्या फडक्याने धरून आधी किंचित उघडण्याच्या दिशेने, मग बंद करण्याच्या दिशेने, असे थोडे थोडे हलवत न्यावे. अनेकदा एवढ्याने तो सुटतो. पाना लावायची वेळ आलीच, तर एका पान्याने कॉकचे अंग घट्ट धरून दुसऱ्याने दांडा फिरवावा. एकाच मोठ्या पान्याने जोर लावल्यास सगळा ताण भिंतीतल्या जोडावर येतो, आणि तो जोड तडकला म्हणजे बाहेरची गळती भिंतीच्या आत जाते. ती गळती घरच्या उपायांनी आवरत नाही.

कॉक हललाच नाही, तर पाणी थांबवण्याचा हट्ट तात्पुरता सोडून त्याला वाट करून द्यावी. तुटलेल्या पाईपचे तोंड बादलीत सोडावे. पाईप लवचीक असेल तर तो दुमडून सुतळीने आवळून बांधावा. कारंज्यासारखे उडत असेल तर जाड टॉवेल गुंडाळून त्याचे टोक बादलीत सोडावे, म्हणजे पाणी भिंतींवर न उडता टॉवेलवरून खाली उतरते. नहाणीच्या जाळीवरचे झाकण काढून ठेवावे, खोल्यांच्या उंबऱ्यांशी जुन्या चादरींच्या वळकट्या लावाव्यात आणि वायपरने पाणी नहाणीकडे किंवा गॅलरीच्या जाळीकडे ओढत राहावे. त्याच लाईनवरचे इतर सर्व नळ मोरीत आणि बादल्यांत पूर्ण उघडावेत. घरातले पाणी वाहून जाताना आणखी नळ उघडणे विचित्र वाटते, पण त्यामुळे दाब वाटला जातो आणि फुटलेल्या जागेतून येणारा लोट कमी होतो. खालच्या मजल्यावरच्यांनीही आपले नळ उघडले, तर फरक आणखी जाणवतो.

या दाबाची भीती मनातून काढली पाहिजे, म्हणून थोडा हिशेब सांगतो. टाकीतल्या पाण्याची पातळी गळतीपासून १० मीटर उंच असेल, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलोचा दाब असतो. अर्ध्या इंचाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १.३ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे तुमच्या चौथ्या मजल्यावर ते तोंड बंद ठेवायला दीड-दोन किलोंचा जोर पुरतो, आणि तो माणसाच्या अंगठ्यात असतो. नळ मोडून हातात आला आणि भिंतीतून सरळ धार लागली, तर निमुळते तासलेले लाकडी बूच ओले फडके गुंडाळून त्या तोंडात दाबून बसवता येते. बूच हातानेच पिळत बसवावे. हातोड्याने ठोकू नये. ज्या इमारतींमध्ये प्रेशर पंप आहे, तेथे आधी तो पंप बंद करायला सांगावे, कारण वरचा हिशेब केवळ टाकीच्या उंचीचा आहे.

गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह ही पुढची पायरी. तो कोणाला न विचारता बंद केला, तर आपल्या रांगेतील वरच्या-खालच्या सर्व घरांचे पाणी जाते. तरीही अशा वेळी तो बंद करावा आणि नंतर सर्वांना कळवावे. काही वेळा हा व्हॉल्व्ह पूर्ण फिरवूनही पाणी थांबत नाही, कारण आतली तबकडी गंजून दांड्यापासून सुटलेली असते. अशा वेळी टाकीच्या आतून त्या लाईनच्या तोंडाशी फडके गुंडाळलेले बूच लावणे हा जुना उपाय आजही चालतो. मात्र अंधारात एकट्याने टाकीत वाकू नये, कोणीतरी सोबत हवेच. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही पाईपमध्ये उरलेले पाणी काही मिनिटे येत राहते. त्यामुळे ‘चुकीचा कॉक बंद केला’ असे समजून घाईने तो पुन्हा उघडू नये.

माझी खरी तळमळ मात्र त्या कुलपाविषयी आहे. नादुरुस्त कॉक ही वस्तूची झीज आहे. पण रात्री किल्ली न सापडणे आणि कॉकवर काहीच लिहिलेले नसणे ही माणसांची हयगय आहे, आणि तुमचे पाऊण तासाचे नुकसान त्यातून झाले. गच्चीची एक किल्ली पहारेकऱ्याच्या खोलीत काचेच्या पेटीत असावी. प्रत्येक कॉकला घरांचे क्रमांक आणि ‘स्वयंपाकघर’, ‘बाथरूम’, ‘फ्लश’ असे लिहिलेली पत्र्याची चकती तारेने बांधावी. कोणता कॉक कोणाचा हे कळत नसेल, तर सुटीच्या दिवशी एक जण वर आणि एक जण खाली फोनवर राहून तासाभरात शोधता येते. घरातले सगळे अँगल कॉक दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद करून उघडावेत, म्हणजे ते जाम होत नाहीत. घरात एक पाना, पक्कड, टेफ्लॉन टेप, टॉर्च, एक नवा कनेक्शन पाईप आणि पाईपचे तोंड बंद करणारा अर्ध्या इंचाचा एक प्लग ठेवावा. लाईन बंद करून मोडका नळ काढला आणि टेप गुंडाळून तो प्लग बसवला, की घराच्या उरलेल्या भागाचे पाणी लगेच सुरू करता येते.

प्लंबरला फोन करताना ‘पाईप फुटला’ एवढेच सांगू नये. फोटो पाठवावा आणि पाईपचा रंग सांगावा. फिकट पिवळसर पाईप बहुधा सीपीव्हीसीचा, पांढरा यूपीव्हीसीचा, हिरवा पीपीआरचा आणि करडा धातूचा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) असतो. पीपीआर जोडायला तापवण्याचे यंत्र लागते, जीआयला आटे म्हणजे पेच पाडण्याची हत्यारे लागतात. चुकीचे सामान घेऊन आलेला कारागीर पुन्हा परत जातो आणि तुमचा आणखी एक तास मोडतो.

प्रश्न : आमचे सातारा जिल्ह्यातील घर जुने असून जीआयची पाईपलाईन साधारण ३० वर्षांपूर्वीची आहे. मोरीजवळच्या पाईपला टाचणीएवढे भोक पडून बारीक धार लागली आहे. गावात प्लंबर एकच आहे आणि तो दोन दिवसांनी येईल. तोपर्यंत पाईप कसा सांभाळावा? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सायकलची जुनी ट्यूब शोधा. तिची दीड-दोन इंच रुंदीची लांब पट्टी कापा आणि भोकाच्या चार बोटे अलीकडून सुरुवात करून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा येईल अशी, जोराने ताणत चार बोटे पलीकडे न्या. पट्टी ताणण्यातच सगळे बळ आहे. सैल गुंडाळलेले रबर पाणी अडवत नाही. त्यावर बारीक तार पक्कडीने पिळून बांधा, किंवा मोटारीच्या रबरी नळीला लावतात तशी क्लिप मिळाली तर भोकावरच आवळा. भोकावर टेफ्लॉन टेप गुंडाळणे मात्र व्यर्थ आहे. ती टेप आट्यांच्या आतल्या फटी भरण्यासाठी असते.

एमसील (भोके बुजवण्याचा, दोन वड्या मळून करायचा लेप) लावायचे असल्यास पाण्याचा कॉक बंद करून पाईप रिकामा व्हायला हवा. गंज सँडपेपरने घासून जागा पूर्ण कोरडी करावी, दोन्ही वड्या समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळाव्यात आणि लेप घट्ट होईपर्यंत काही तास पाणी सोडू नये. तुमच्याकडे पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर पाणी गेल्यानंतरची वेळ यासाठी सोयीची आहे. त्याआधी हंडे, कळशा भरून घ्याव्यात.

आणखी एक विनंती. दोन दिवस त्या पाईपचा कोणताही जोड पान्याने फिरवून पाहू नका. आटे पाडताना पाईपची जाडी तेथे कमी झालेली असते, आणि ३० वर्षांच्या गंजाने आतून पोखरलेला पाईप नेमका तेथेच मोडतो. एका जागी टाचणीएवढे भोक पडले, याचा अर्थ उरलेला पाईपही त्याच वयाचा आहे. प्लंबर आल्यावर तुकडा बदलून भागते की पूर्ण लाईन बदलावी, हे त्याला पाईपचा कापलेला भाग हातात घेऊन दाखवायला सांगा.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तळमजल्यावर राहतो. सकाळी आमच्या नहाणीच्या जाळीतून घाण पाणी उलटे वर येते, आमचे सर्व नळ बंद असले तरीही. शेजाऱ्यांनी ॲसिड ओतायला सांगितले. ओतावे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ओतू नका. तुमचे नळ बंद असताना पाणी वर येते, म्हणजे ते वरच्या घरांचे आहे आणि तुंबलेली जागा तुमच्या जाळीत नसून इमारतीच्या सामाईक पाईपमध्ये किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये आहे. तेथपर्यंत तुमचे ॲसिड पोहोचणार नाही. ते साचलेल्या पाण्यासह तुमच्याच फरशीवर परत येईल. त्याच जागी कोणी आधी ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर ॲसिडशी तिचा संयोग होऊन क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. यापूर्वी काहीही ओतले असल्यास कारागिराला ते आधी सांगा, कारण त्याचे हात आणि डोळे त्या पाण्याजवळ जाणार आहेत.

तातडीचा उपाय एकच : वरच्या सर्व घरांना फ्लश, आंघोळ आणि धुण्याचे यंत्र थांबवायला सांगा. जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवून तिच्यावर पाण्याने भरलेली जड बादली ठेवल्यास थोडा काळ आधार मिळतो, पण खालून लोट वाढला तर तो दुसऱ्या वाटेने, बहुधा शौचालयातून, येईल. सामाईक ड्रेनेज लाईनची दुरुस्ती गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने व्हायची असते, त्यामुळे तळमजल्यावर राहतो म्हणून हा भार एकट्याने उचलू नका.

चेंबर उघडताना कोणालाही आत उतरू देऊ नका, तो माणूस स्वतःहून तयार असला तरीही. गटारातील विषारी वायू दिसत नाही, आणि वाचवायला गेलेला दुसरा माणूसही त्यात दगावतो. सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. बांबूच्या पट्ट्या, लोखंडी सळई किंवा पाण्याच्या जोरदार झोताने गटार मोकळे करणारी महापालिकेची जेटिंगची गाडी, जे काही वापरायचे ते वरूनच वापरावे. दोन दिवस दुर्गंधी सोसावी लागली तरी चालेल. पण तुमच्या दारात माणसाचा जीव जाता कामा नये.

प्रश्न : गीझरखालच्या छोट्या व्हॉल्व्हमधून अधूनमधून थेंब पडतात. ही धोक्याची सूचना आहे का? तो बंद करून टाकू का? — एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : पाणी तापत असताना पडणारे थोडे थेंब हे त्या सेफ्टी व्हॉल्व्हचे कामच आहे, तापलेले पाणी प्रसरण पावते आणि वाढलेला दाब तेथून बाहेर पडतो. त्याचे तोंड एमसीलने किंवा बुचाने कधीही बंद करू नये, कारण दाबाला दुसरी वाट उरत नाही आणि टाकी फुटू शकते. थेंबांऐवजी सतत धार लागली, वाफ येऊ लागली किंवा गीझरच्या तळातून पाणी झिरपू लागले, तर वीज बंद करावी, गीझरकडे जाणारा थंड पाण्याचा कॉक बंद करावा आणि कारागीर येईपर्यंत त्याला हात लावू नये. दुरुस्तीनंतर गरम पाण्याचा नळ उघडून त्यातून अखंड धार येते याची खात्री करावी आणि मगच स्विच सुरू करावा, म्हणजे कोरड्या टाकीत कॉइल तापण्याचा प्रसंग येणार नाही.