काठी उगारली, की नुसतं तोंड चाललं?

अहमदपूरकडच्या एका ताईंनी विचारलंय. बांधावरून घरात भांडण झालं, धाकटे भाऊजी तोंडाला येईल ते बोलले, जाताना ‘एकेकाला बघूनच घेतो’ म्हणाले, आणि आता पुण्याला शिकायला असलेला भाचा फोनवर म्हणायलाय की मावशी, हा असॉल्ट झाला, केस करा. तर असॉल्टला मराठीत मारहाण म्हणायचं का, आणि नुसत्या बोलण्याला ते लागू होतं का?

दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण भाच्याला एकट्याला काय बोलायचं, हल्ली जो उठतो तो ‘असॉल्ट केला’ म्हणतो. कुणी खेकसलं असॉल्ट, कुणी दार आपटलं असॉल्ट. ‘शाब्दिक हल्ला’ तर टीव्हीवाल्यांनी पार चोथा करून ठेवलाय, आणि मध्ये एका ठिकाणी चक्क ‘शाब्दिक मारहाण’ वाचलं. अरे बाबांनो, मारहाणीत मार आहे आणि हाण आहे, दोन्ही अंगाला लागतात, शब्दानं वळ उठत नाही. आणि असॉल्टमध्ये तर मार बसायलाच लागत नाही, हे कुणाच्या गावीही नाही.

कायदा काय म्हणतो ते एकदा सांगून टाकतो. 1860 च्या दंडसंहितेत हे कलम 351 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 130. समोर हजर असलेल्या माणसाला ‘आता हा आपल्यावर बळ वापरणार’ अशी धास्ती वाटेल असा हावभाव किंवा तशी तयारी करणं, आणि तसं वाटेल हे माहीत असून करणं, म्हणजे असॉल्ट. खाली स्पष्टीकरणात सरळ लिहिलंय की नुसते शब्द असॉल्ट होत नाहीत, पण शब्दांमुळं त्या हावभावाला असॉल्टचा अर्थ येऊ शकतो. उदाहरणंही झकास आहेत: एकजण चवताळलेल्या कुत्र्याचं मुसकं सोडायला लागतो, दुसरा काठी उचलून ‘तुला चोपतो’ म्हणतो. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जुन्या कलमात दंड पाचशेच होता.

कायद्याच्या मराठी तर्जुम्यात याला ‘हमला’ म्हटलंय. हमला आणि आपल्या मोंढ्यातला हमाल हे एकाच अरबी धातूचे, मूळ अर्थ उचलणे, वाहून नेणे. छान आहे, पण घरातल्या भांडणात ‘हमला’ कुणी म्हणत नाही, तो शब्द सिनेमातल्या डाकूंसाठी ठीक. मला राग याचा येतो की मराठीत यासाठी अगदी नेमका शब्द आयता पडलेला असताना एक जण इंग्रजी धरून बसलाय आणि दुसरा अरबी.

तो शब्द म्हणजे उगारणे.

बघा, ‘बायकोवर हात उचलला’ म्हटलं की मारलं. ‘हात टाकला’ म्हटलं तरी तेच. पण ‘हात उगारला’ म्हटलं की हात वर गेला, समोरच्याची मान आपोआप खाली गेली, डोळे मिटले, आणि हात तिथंच हवेत राहिला. लागलं काहीच नाही. अख्खं कलम 130 एका क्रियापदात बसलंय, आणि आपल्याकडं लाटणं घेऊन लेकरामागं धावणाऱ्या प्रत्येक मायला ते कायदा न वाचता माहीत आहे.

आता याची व्युत्पत्ती, जिच्यासाठी खरं म्हणजे मी हे लिहायला बसलो. संस्कृतात गुर् असा धातू आहे, धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थच ‘उद्यमने’ असा दिलाय, म्हणजे वर उचलणे. त्याला उद् लावला की उद्गूर्ण, म्हणजे मारायला उचललेलं. आणि हा शब्द काव्यातला नाही, थेट कोर्टातला आहे! कौटिल्यानं अर्थशास्त्रात दंडपारुष्याच्या, म्हणजे अंगावर जाण्याच्या गुन्ह्याच्या, तीन पायऱ्या सांगितल्यात: स्पर्शन, अवगूर्ण, प्रहत. हात लावला, उगारला, हाणला. मधली पायरी हाच आपला असॉल्ट, तोच धातू, फक्त उपसर्ग वेगळा. आणि तोंडाळपणासाठी त्यानं वाक्पारुष्य असं निराळंच प्रकरण ठेवलंय, म्हणजे ‘नुसते शब्द असॉल्ट नाहीत’ हा शोध काही साहेबानं बोटीतून आणलेला नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत तर उद्गूर्ण हाताला दहा आणि उद्गूर्ण पायाला वीस असा दंडाचा दरच लावून दिलाय (लाथ महाग, हे मला फार आवडतं). त्या स्मृतीवरची सगळ्यात गाजलेली टीका, मिताक्षरा, लिहिली विज्ञानेश्वरानं, आणि तो कुठला तर कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून फार लांब नाही, 1948 पर्यंत आपल्यासारखंच निजामाच्या राज्यात. म्हणजे उगारलेल्या हाताचा कायदेशीर कीस आपल्या शेजारीच काढून झालाय, आणि आपण भाच्याला विचारायलोत.

यावर नांदेडकडचे एक निवृत्त संस्कृतचे सर कायम आडवे येतात. त्यांचं म्हणणं, उगारणे हे ‘उद्गार’वरून, द्ग चा ग झाला आणि आकार जागच्या जागी आहे, तुमच्या गुर् मधल्या उकाराचा आ कामून झाला ते सांगा. अहो सर, उद्गार म्हणजे मुळात ढेकर, ओकारी, जे तोंडातून बाहेर पडतं ते. काठी तोंडातून येते का? आणि आकाराचं म्हणाल तर मरणे-मारणे, तरणे-तारणे, तसं उगरणे-उगारणे. मधलं ‘उगरणे’ कुठं सापडतं असं ते लगेच विचारतात, तर सगळेच दुवे लिहिलेले सापडायला लागले असते तर व्युत्पत्तीला डोकं कशाला लागलं असतं? शिवाय गंमत अशी की सरांचं खरं धरलं तर उगारणं म्हणजेच बोलणं, आणि मग ताई, तुमचा भाचा बरोबर ठरतो. एवढ्यासाठी तरी ती व्युत्पत्ती मान्य करायला मी तयार नाही.

हां, इंग्लंडात उलटंही झालंय. 1669 च्या एका खटल्यात एकानं तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हटलं की सध्या न्यायाधीश गावात आहेत, नाहीतर असलं बोलणं मी ऐकून घेतलं नसतं. कोर्ट म्हणालं हा असॉल्ट नाही, कारण आत्ता मारणार नाही हे त्यानं स्वतःच सांगितलंय. शब्दांनी हावभावाची हवाच काढून घेतली. आपल्या भाषेत ‘लहान आहेस म्हणून सोडतो’. अर्थात तिकडं पुढं 1997 मध्ये वरिष्ठ कोर्टानं शब्दसुद्धा, इतकंच काय फोनवरची मुद्दाम धरलेली शांतताही असॉल्ट होऊ शकते असं ठरवलं. भाच्यानं बहुतेक तिकडचंच काहीतरी वाचलंय. आपल्याकडं ते स्पष्टीकरण अजून जसंच्या तसं आहे.

तर भाऊजी. ‘बघून घेतो’ला शब्द आहे धाकदपटशा, जुन्या तर्जुम्यात ‘फौजदारीपात्र धाकदपटशा’, आणि योगायोग असा की नव्या संहितेत त्याचाच नंबर 351 आहे, म्हणून वकिलाशी बोलताना जुनं का नवं ते आधी विचारा, नाहीतर दोघं दोन गुन्ह्यांवर बोलत बसाल. तिथं मात्र नुसते शब्द पुरतात, फक्त ते भीती घालण्याच्या इराद्यानं हवेत आणि धमकी जिवाला, अब्रूला किंवा मालमत्तेला इजा करायची हवी, ‘बघून घेतो’ एवढ्या मोघम बोलण्यावर ते टिकेलच असं नाही. समोरचा भडकून शांतता मोडेल म्हणून मुद्दाम केलेला अपमान 352 मध्ये. आणि एका घरात राहत असाल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईचा शाब्दिक आणि भावनिक छळ वेगळा धरलेला आहे, त्याला काठीबिठी काही लागत नाही.

फिर्याद द्यायला गेलात तर ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ केली व जिवे मारण्याची धमकी दिली’ हे छापील वाक्य कुणीतरी सुचवेलच, ते तसंच घालू देऊ नका. भाऊजींनी काठी किंवा कत्ती उगारली असेल तर ‘उगारून अंगावर धावून आले’ असं लिहा, कोणत्या हातानं, किती अंतरावरून, काय बोलत तेही. उगारली नसेल तर फक्त काय बोलले ते लिहा, त्यांच्याच शब्दात, कारण न मारलेल्या लाथेचा वळ वकील उलटतपासणीत सगळ्यात आधी मागतो.