मासळीच्या पिकअपला कोटिंग करू की लोन फेडू?

रत्नागिरीच्या एका दादांनी विचारलंय. मिरकरवाडा बंदरावरून कोल्हापूरला मासळी नेतात, पिकअप दोन वर्षांची, हप्ता १७,५०० चा, अजून तीन वर्षं बाकी, व्याज ११ टक्के, हातात ७० हजार. हौद्याला गंज धरायला लागलाय, तर ५५ हजारांत आतून स्टेनलेसचा पत्रा मारू की २८ हजारांत पीयू (पॉलीयुरेथेन) स्प्रे कोटिंग, की सरळ लोनमध्ये भरून मोकळा होऊ?

दादा, आधी त्यातले ३५ हजार विसरा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तुमची भाडी बंद, पण हप्ता चालूच. ते दोन हप्ते आजच वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका, सणाला पण नाही.

उरले ३५. म्हणजे स्टेनलेस बाद, आणि पैसे असते तरी मी नकोच म्हटलं असतं, कारण खाली साधा पत्रा वर स्टेनलेस आणि मध्ये बर्फाचं खारट पाणी शिरलं की साधा पत्रा अजून लवकर सडतो, वरून मात्र सगळं चकाचक त्यामुळे तुम्हाला पत्ताच नाही. रबर मॅटखाली पण पाणी साचतं, रोज उचलून धुणार असाल तरच घाला.

लोनमध्ये ३५ भरले तर वर्षाला फार तर ३,८५० व्याज वाचेल, त्यात मुदतीआधी भरल्याचा चार्ज लावतात का ते बघा. तळाचा पत्रा बदलायचा तुम्हाला २२ हजार सांगितलाय, प्लस चार-पाच दिवस गाडी उभी. आता खरं सांगायचं तर नुसत्या पत्र्याच्या हिशोबात २८ हजारांचं कोटिंग वसूल होत नाही, विकताना होतं, कारण घेणारा पहिला हौद्याखालीच वाकून बघतो. पण तो फरक दिसायला वर्षं जावी लागतात, म्हणून दोन वर्षांत गाडी विकायची असेल तर गंज घासून झिंक प्रायमर आणि रंग, विषय संपला. पाच-सहा वर्षं ठेवणार असाल तर पीयू करा.

पण करायच्या आधी केबिनच्या मागचे दोन कोपरे आणि फाळक्याच्या कडीखालचा भाग स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. टणटणीत वाजला तर ठीक, टोक आत गेलं तर आधी तिथे वेल्डिंग, कारण गंजावर स्प्रे मारला की आत गंज चालूच राहतो. आणि गाडी जून-जुलैत रिकामी असते म्हणून तेव्हा करायचा मोह होईल, तो टाळा, आपल्याकडच्या दमट हवेत कोटिंग नीट धरत नाही, मेच्या आधीच उरका (आंब्याची भाडी असतील तर दोन दिवस जातील, जाऊ द्या).

इन्शुरन्सवाला गंजाचे पैसे देत नाही, ती झीज धरतात. इन्कम टॅक्सचं रिटर्न गाडीमागे महिन्याला ७,५०० उत्पन्न अंदाजाने धरून भरत असाल तर हे बिल वेगळं वजा होणार नाही, तेव्हा टॅक्स वाचेल म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका. हौद्याची पाणी जायची भोकं तेवढी आज मोकळी करा, बहुतेक खवल्यांनी बुजलेली असतील, आणि गाडी रिकामी झाली की कोल्हापुरातच गोड्या पाण्याने धुवून मग घाट उतरा.