पुढून ठोकून दुरुस्त केलेली सेकंड हँड स्विफ्ट घ्यावी का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत तुम्ही २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट बघितलीये, एमएच ०४ पासिंग, एकच मालक, मागतोय ४ लाख ७५ हजार, आणि त्याने स्वतःहून सांगितलं की २०२१ मध्ये गाडी पुढून ठोकली होती, इन्शुरन्समधून कंपनीच्या वर्कशॉपला काम करून घेतलं, आता काही प्रॉब्लेम नाही. तुमच्या घरी आईवडील आणि लहान मुलगी, पहिलीच गाडी, आणि ऐरोलीतले सगळे मित्र सांगतायत की ठोकलेली गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नको.

मी तुर्भे एमआयडीसीत एका बॉडीशॉपला बरीच वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. टोचनवरून गाडी आली की तिचं एस्टिमेट बनवायचं आणि इन्शुरन्सकडून नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरसोबत उभं राहून कुठला पार्ट बदलायचा, कुठला ठोकून सरळ करायचा ते ठरवायचं, हेच काम. त्यामुळे मित्रांचं सरसकट 'घेऊ नको' मला पटत नाही, पण मालकाच्या 'कंपनीत केलंय' एवढ्यावर पण टोकन देऊ नका. सगळं एकाच गोष्टीवर ठरतं, मार कुठपर्यंत गेला होता.

गाडीचा बंपर, बॉनेट, फेंडर, हेडलाइट, दरवाजे, डिकी हे सगळं नटबोल्टवर किंवा क्लिपांवर बसलेलं असतं. ते काढलं, नवीन ओरिजिनल लावलं, रंग मारला की विषय संपला, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर पण त्यातच धरा. पण त्याच्या मागे इंजिनच्या दोन्ही बाजूंना जो पत्रा असतो तो अ‍ॅप्रन, त्याच्या खालून लांब जाणारा साइड मेंबर, मग पिलर (छपराला धरणारे दरवाज्यांमधले खांब), फ्लोअर, छप्पर, हे वेल्ड केलेलं असतं. आपल्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, ही वेल्ड केलेली बॉडी हीच चेसिस. फेंडर बदलणं म्हणजे खरचटलेल्या जागी नवीन कातडी आली, साइड मेंबर वाकला म्हणजे हाड मोडलं. आणि साइड मेंबर मुद्दाम असा बनवलेला असतो की टक्कर झाली की तो ठरलेल्या पद्धतीने चुरगळतो आणि धक्का आतल्या माणसांपर्यंत कमी पोचतो. एकदा चुरगळलेला मेंबर गॅस मारून, गरम करून, खेचून सरळ केला तर दिसायला सरळ होतो, पण आजकाल तिथे हाय स्ट्रेंथ स्टील वापरतात आणि ते बेताल गरम केलं की त्याची ताकद जाते. पुढच्या वेळी तो कसा चुरगळेल हे कोणीच सांगू शकत नाही. तुमची मुलगी त्या गाडीत बसणार आहे म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

आता पहिलं काम, आणि हे गाडी परत बघायला जायच्या आधी करा. मालकाकडे त्या वेळच्या कामाचं फायनल बिल मागा. कंपनीच्या वर्कशॉपला काम झालंय तर त्यांच्या सिस्टिममध्ये जॉब कार्ड असतं, मालकाने स्वतः गाडीचा नंबर देऊन मागितलं तर कॉपी मिळायला अडचण येऊ नये. तुम्हाला परस्पर देणार नाहीत, ते त्यालाच मागू दे. बिल आलं की लोक वरवर पार्ट्सची यादी बघतात आणि खालची टोटल बघतात, तुम्ही लेबरचा भाग वाचा. पार्ट्समध्ये बंपर, बॉनेट, दोन हेडलाइट, कंडेन्सर एवढंच दिसेल आणि खाली लेबरमध्ये 'अ‍ॅप्रन लेफ्ट डेंटिंग' किंवा 'साइड मेंबर रिपेअर' अशी एक बारीकशी ओळ असेल, त्या ओळीत गाडीचं सगळं सत्य असतं. जो पार्ट बदलला नाही आणि ठोकून सरळ केला तो पार्ट्समध्ये येतच नाही ना, तो फक्त लेबरमध्ये येतो.

कंपनीच्या वर्कशॉपला पण ठोकून सरळ करतात का, तर हो, करतात. पार्ट बदलायचा की रिपेअर करायचा यात सर्व्हेअरचं मत असतं आणि मालकाच्या खिशाचं पण. झिरो डेप पॉलिसी (जिच्यात पार्टच्या घसाऱ्याचे पैसे कापत नाहीत) नसेल तर प्लास्टिकच्या पार्टचे ५० टक्के मालकाला भरावे लागतात, पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के. मग मालकच म्हणतो की हेडलाइटचा फक्त कान तुटलाय तो चिकटवून द्या, बंपर वेल्डिंग करून द्या. यात लबाडी आहे असं नाही, पण घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

बिल नाहीच मिळालं तर? मालक म्हणाला हरवलं आणि वर्कशॉपकडून पण आणून देईना, तर मी ती गाडी सोडून देईन. स्वतःहून अपघात सांगणारा मालक खरंतर चांगला माणूस वाटतोय, त्यामुळे मिळेल असं वाटतं.

मग इन्शुरन्सची पॉलिसी बघा, त्यावर एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, किती टक्के लिहिलंय ते. क्लेम घेतला की पुढच्या रिन्युअलला एनसीबी शून्य होतो, मग बिनक्लेमचं एकेक वर्ष गेलं की २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. २०२१ नंतर काहीच झालं नसेल तर आजच्या पॉलिसीवरचा आकडा त्या हिशोबाने जुळायला हवा. आकडा कमी निघाला तर मधे अजून एक क्लेम झालेला असू शकतो, मग तो कशाचा ते विचारा. उलट बाजूने मात्र फसू नका, एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो, जुन्या गाडीवरून आणलेला असू शकतो आणि काही पॉलिसींना एनसीबी प्रोटेक्ट असतं, म्हणजे क्लेम घेऊनही सूट टिकते, त्यामुळे जास्त एनसीबी म्हणजे गाडी कोरी असं होत नाही. आणि क्लेम किती रुपयांचा होता ते विचाराच. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की इन्शुरन्स कंपनी गाडी टोटल लॉस धरते, अशा गाड्या सॅल्व्हेज, म्हणजे भंगाराच्या भावात, विकल्या जातात आणि त्यातल्या काही कुठेतरी दुरुस्त होऊन परत रस्त्यावर येतात. तुमच्या केसमध्ये एकच मालक आहे म्हणून ती शक्यता कमी, पण क्लेमची रक्कम त्या टप्प्याच्या आसपास असेल तर मार हलका नव्हता एवढं नक्की.

आता गाडीपाशी. दिवसाउजेडी जा, पार्किंगच्या बेसमेंटमध्ये नाही, आणि गाडी धुतलेली, ओली असेल तर सुकू द्या, ओल्या रंगावर काहीच कळत नाही. बॉनेट उघडा आणि आधी इंजिनकडे बघूच नका, दोन्ही बाजूंच्या अ‍ॅप्रनकडे बघा. कंपनीतून आलेल्या पत्र्याच्या जोडावर स्पॉट वेल्डचे छोटे गोल खळगे असतात, करंगळीच्या नखाएवढे, सारख्या अंतरावर, रोबोटने मारलेले. डावीकडे जसे तसेच उजवीकडे. एका बाजूला ते खळगे गायब असतील, किंवा वाकडेतिकडे असतील, किंवा त्यावर ग्राइंडर फिरवून सीलंट थापलेलं असेल, तर तिकडे काम झालंय. जोडावरच्या सीलंटवर नखाने दाबा, दोन्ही बाजूंना सारखं लागतंय का बघा. मग मोबाइलचा टॉर्च घेऊन साइड मेंबरवर तिरका प्रकाश टाका, समोरून नाही तिरका, म्हणजे सरळ केलेल्या पत्र्याच्या लाटा दिसतात. इंजिन बेमधे एकाच कोपऱ्यात रंग जास्त चकाकत असेल तर तेही ध्यानात ठेवा.

फेंडर आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पाना लागल्याने उडालेला दिसेल, तो तुमच्या गाडीत दिसणारच, गाडी पुढून ठोकली होती हे मालकानेच सांगितलंय. त्याने घाबरू नका. पण दरवाज्याच्या बिजागरीचे बोल्ट बघा, पुढच्या ठोकरीत दरवाजे उघडायचं कारण नाही. ते उघडलेले असतील तर मार पिलरपर्यंत गेला असावा किंवा बाजूने वेगळा अपघात झाला असावा. काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्षाचा कोड असतो, सगळ्या दरवाज्यांच्या काचा एकाच वर्षाच्या हव्यात. पुढची काच बदललेली असेल तर त्यावरून काही ठरवू नका, आपल्याकडे दगड उडून काच जाणं रोजचंच आहे.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळतं, एखाद्या ओळखीच्या डेंटिंगवाल्याकडे पण असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, दुसऱ्यांदा मारलेला २०० ते ३००, आणि ५०० च्या वर गेलं की खाली खड्डा भरायची पुट्टी आहे असं समजा. ठाण्यात रिक्षा आणि बाइकवाले घासून जातात, त्यामुळे एखादा दरवाजा रंगवलेला नाही अशी गाडी सापडणं कठीण, मी त्याकडे बघतही नाही. छत आणि पिलरवर मात्र कंपनीचाच रंग पाहिजे.

एअरबॅगचं मात्र नीट समजून घ्या. ही गाडी फेब्रुवारी २०१८ नंतरच्या नवीन मॉडेलची असेल तर सगळ्या व्हेरियंटना पुढे दोन एअरबॅग आहेत. इग्निशन ऑन केलं की मीटरमधला एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर फॉल्ट, हे सगळ्यांना कळतं. लागलाच नाही तर जास्त वाईट, हे कोणी बघत नाही. आमच्याकडे घणसोलीचं एक कुटुंब मागच्या बंपरचा छोटा डेंट काढायला गाडी घेऊन आलं होतं, एका डीलरकडून सेकंड हँड घेतलेली, दुसऱ्या कंपनीची. गाडी आत घेताना आमच्या वर्कशॉपमधल्या मुलाच्या लक्षात आलं की हा दिवा लागतच नाही. त्यांची परवानगी घेऊन स्टिअरिंगचं कव्हर उघडलं तर आत एअरबॅगच नव्हती, रिकामी जागा आणि वायरीला टेप, आणि मीटरमधल्या त्या दिव्यावर मागून काळी पट्टी. त्या ताई वर्षभर दोन मुलांना शाळेत सोडत होत्या त्याच गाडीतून. मला अजूनही त्याचा राग येतो. म्हणून दिवा बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या लेबलवरची तारीख बघा, डॅशबोर्डवर एअरबॅगच्या जागी फट किंवा वेगळा पोत आहे का ते हात फिरवून बघा. आणि एअरबॅग फुटल्या होत्या का हे मालकाला थेट विचारा. फुटल्या असतील तर बिलात एअरबॅग, तिचं कंट्रोल मॉड्यूल आणि पुढचे सीटबेल्ट नवीन घेतलेले दिसायलाच हवेत. साधा स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅगचे वाचणारा स्कॅनर असलेल्या मेकॅनिकला घेऊन जा.

टेस्ट ड्राइव्ह घोडबंदरवर करू नका, मेट्रोचं काम, खड्डे, ट्रॅफिक, काही कळणार नाही. मालकाला सोबत घेऊन रविवारी सकाळी लवकर पाम बीच रोडला या, सरळ लांब रस्ता आहे. स्टिअरिंग अगदी हलकं धरून बघा गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारताना ओढते का. रस्त्याला पाण्यासाठी उतार दिलेला असतो म्हणून डावीकडे थोडी जाईल, ते चालतं. मग तिथूनच वाशी किंवा नेरूळला कुठल्याही चांगल्या टायरवाल्याकडे कॉम्प्युटर अलाइनमेंट करून प्रिंट घ्या. अशा छोट्या गाड्यांत टो (चाकं समोर आत-बाहेर किती वळलीत) फिरवून नीट करता येतो, पण कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या आसाचा पुढेमागे कल) सहसा अ‍ॅडजस्ट होत नाहीत, त्यामुळे पुढच्या दोन चाकांच्या कॅस्टरमध्ये मोठा फरक दिसला किंवा एका बाजूचा आकडा लाल आला तर काहीतरी वाकलंय, मग ते लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आहे की बॉडी ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही शे रुपयांचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचा कागद.

हे सगळं बघून मार बंपर, बॉनेट, रेडिएटरपर्यंतच थांबलेला निघाला तर गाडी जरूर घ्या, पण ४ लाख ७५ ला नाही. अशाच कोऱ्या गाडीचा जो भाव चाललाय त्यापेक्षा निदान ८-१० टक्के खाली, कारण उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुम्हालाही हे सांगावं लागेल आणि समोरचा पण तेवढेच कापणार. अ‍ॅप्रन किंवा साइड मेंबरला हात लागलेला निघाला तर दोन लाख कमी केले तरी नको, त्या जागेला भावच नाही.

व्यवहार झाला तर विक्रीच्या कागदावर अपघाताची तारीख आणि काय काय बदललं ते लिहून मालकाची सही घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० च्या वेळी चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात, तेव्हा तो नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा आणि आजूबाजूला ग्राइंडरची खूण नाही ना तेही बघा. मालकाचं लोन असेल तर आरसीवरून बँकेचं नाव काढायला फॉर्म ३५. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला कळवा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

बिल हातात आलं की नाव-नंबर झाकून लेबरच्या ओळी खाली कमेंटमध्ये टाका, मी वाचून सांगतो.