उन्हाळ्यात गाईला सोडा : किती, कसा आणि कुणाला नाही

प्रश्न (शहापूर) : एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय १२ लिटरवरून ९ वर आली. फॅटही ३.८ वरून ३.२ झालं. खायचा सोडा द्यावा का?

उत्तर : द्या. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ४०० किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून, आंबोणात (पेंड-भुश्याच्या खुराकात) नीट कालवून. धापा टाकताना श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो, मग शरीर बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतं. त्यात लाळ गळते, रवंथ कमी होतो. पोटातलं आम्ल मारणारी लाळच अपुरी पडली की फॅट उतरतं. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिलीत तर चवीमुळे गाय आंबोण सोडेल. ३० ग्रॅमपासून सुरुवात करून आठवड्यात वाढवत न्या. पाण्यात घालू नका, ती पाणीच कमी पिईल. आणि पुडी बघून घ्या, धुण्याचा सोडा वेगळा!

मात्र पेंढा ‘उष्ण’ म्हणून बंद करून नुसतं आंबोण वाढवलं असेल, तर सोडा काही करू शकणार नाही. पेंढा कुट्टी करून रात्री घाला.

प्रश्न (भिवंडी) : आटवलेली गाय पंधरा दिवसांत व्यायची आहे. तिलाही हाच सोडा चालेल?

उत्तर : मुळीच नको. विण्याआधीचे तीन आठवडे सोडा बंद. सोडियममुळे हाडांतलं कॅल्शियम वेळेवर सुटत नाही आणि व्याल्यावर गाय दुग्धज्वराने (रक्तातलं कॅल्शियम घटल्याने) बसते. तिची गव्हाण वेगळी ठेवा, कारण शेजारणीचं आंबोण खायला ती मान लांबवतेच.

प्रश्न (कल्याण) : ताकदीसाठी गोडेतेल पाजलं तर?

उत्तर : नको. जास्त तेलाने पोटातले चारा पचवणारे जिवाणू मंदावतात. १० लिटरच्या वर देणाऱ्या गाईला बायपास फॅट (पोटातल्या जिवाणूंना न अडवता पुढे जाऊन पचणारी चरबी) १०० ते १५० ग्रॅम द्या. त्याखाली तो खर्चच.

प्रश्न (दिवा) : फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) लावला, तरी गाई धापा टाकतात.

उत्तर : खाडीकाठी हवा आधीच दमट. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ताप-आर्द्रता निर्देशांक ८७ च्या आसपास जातो. दुभत्या गाईला ७२ पासूनच त्रास सुरू होतो. बंद गोठ्यात धुकं सोडलं की दमटपणा आणखी वाढतो. अंगावर दोन मिनिटं पाणी मारा, कातडीपर्यंत भिजू द्या, मग दहा-पंधरा मिनिटं पंखा, आणि पुन्हा तेच. आंबोण पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठनंतर. कुशीची हालचाल, म्हणजे श्वास, मोजा : मिनिटाला ८० च्या वर आणि तोंड उघडं असेल, तर पशुवैद्यकांना बोलवा.