आरोग्य प्रश्नोत्तरे : गाठ साधी आहे, मग शस्त्रक्रियेची घाई कशासाठी?

प्रश्न : माझी धाकटी बहीण ४२ वर्षांची आहे. तिला रक्तदाब नाही, मधुमेह नाही. गेल्या महिन्यात सकाळी स्वयंपाक करताना तिचा उजवा हात एकाएकी लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा बंद झाल्याचे एमआरआयमध्ये दिसले. नंतर केलेल्या टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात चार सेंटिमीटरची गाठ आढळली. ती ‘मिक्सोमा’ असावी, कर्करोग नसावा, असे डॉक्टर म्हणतात. तरीही छाती उघडून ती लवकर काढावी असा त्यांचा आग्रह आहे. हात आता बराच सुधारला आहे. गाठ साधीच असेल, तर रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर भागणार नाही का? — एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘साधी’ हा शब्दच येथे घोटाळा करतो आहे. गाठ साधी आहे असे आम्ही डॉक्टर म्हणतो, तेव्हा तिच्या पेशी आसपासच्या अवयवांत घुसून त्यांचा नाश करणाऱ्या नाहीत, एवढेच आम्हाला सांगायचे असते. ती कोठे आहे आणि तेथे राहून काय करू शकते, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. दंडावरची चरबीची गाठ आणि हृदयाच्या कप्प्यात देठावर झुलणारी गाठ या दोन्ही साध्याच; पण पहिलीकडे आयुष्यभर दुर्लक्ष करता येते, दुसरीकडे करता येत नाही.

मुळात हृदयात उगम पावणाऱ्या गाठी फार विरळ असतात. दहा हजार शवविच्छेदनांत साधारण दोन, असे त्यांचे प्रमाण सांगितले जाते. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश कर्करोगाच्या नसतात आणि प्रौढांमधल्या अशा साध्या गाठींत मिक्सोमा ही नेहमी आढळणारी. ती बहुधा डाव्या अलिंदात, म्हणजे तुमच्या बहिणीच्या बाबतीत जो कप्पा सांगितला आहे त्यातच, दोन अलिंदांमधल्या पडद्याला चिकटून वाढते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसते. फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले रक्त प्रथम याच कप्प्यात येते, मायट्रल झडपेतून खाली उतरते आणि महाधमनीतून सर्व शरीरात जाते. मानेतल्या धमन्या महाधमनीच्या कमानीपासूनच निघतात. त्यामुळे डाव्या अलिंदात सुटलेला कण मेंदूपर्यंत पोहोचायला मध्ये कोणतीही गाळणी नसते. (गाठ उजव्या बाजूला असती, तर तो कण फुप्फुसांत अडकला असता.) काही मिक्सोमा गुळगुळीत आणि घट्ट असतात, तर काही लिबलिबीत, झिरमिळ्या लोंबणाऱ्या, या दुसऱ्या प्रकारच्या गाठीचे तुकडे प्रत्येक ठोक्याबरोबर झडपेत खालीवर होताना सहज तुटतात.

गोळ्यांचा प्रश्न येथेच सुटतो. गाठीच्या पृष्ठभागावर रक्ताची गुठळी धरत असेल, तर रक्त पातळ करणारे औषध तिला काही प्रमाणात आवर घालील. परंतु तुटून निघणारा तुकडा गाठीचाच असेल, तर त्या औषधाला तेथे करण्यासारखे काही नसते. कोणत्याही गोळीने मिक्सोमा विरघळत नाही. हात सुधारला, याचा अर्थ मेंदूचा तो भाग सावरतो आहे इतकाच; कारण अजून जागेवरच आहे आणि पुढचा तुकडा बोटभर जागेत जाईल की मोठ्या धमनीत अडकेल, हे कोणीही सांगू शकत नाही.

घाई म्हणजे उद्या सकाळीच, असेही मात्र नव्हे. शस्त्रक्रियेत हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन लावावे लागते आणि त्यासाठी हेपारिन देऊन रक्त पूर्ण पातळ करावे लागते. मेंदूचा मोठा भाग नुकताच इजा पावलेला असेल किंवा तेथे रक्तस्राव झालेला असेल, तर त्या अवस्थेत हेपारिन धोक्याचे ठरू शकते आणि काही आठवडे थांबणे शहाणपणाचे असते. इजा लहान असेल, तर थांबण्यातच जोखीम अधिक. हा हिशेब हृदयशल्यचिकित्सक आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, एमआरआय समोर ठेवून करायचा आहे. तुम्ही दोघांनाही एकाच वेळी भेटण्याचा आग्रह धरावा.

बहिणीला एक गोष्ट विचारून पाहा : मागच्या वर्षभरात बारीक ताप, सांधेदुखी, वजन घटणे, किंवा वाकल्यावर अथवा एखाद्या कुशीवर निजल्यावर धाप लागणे, असे काही झाले होते का? मिक्सोमा इंटरल्युकिन-६ नावाचे द्रव्य स्रवते, त्याने ताप येतो आणि ईएसआर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, वाढलेली येते. रुग्ण महिनोन्‌महिने संधिवाताची औषधे घेत राहतो. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आकुंचित झालेली मायट्रल झडप अजूनही पुष्कळ दिसते आणि स्टेथोस्कोपने दोन्हींचे आवाज जवळजवळ सारखेच ऐकू येतात, त्यामुळे मुरलेल्या डॉक्टरचीही फसगत होते. टू-डी इको येण्यापूर्वी हे निदान बहुधा शवविच्छेदनातच होत असे. १९५४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफर्ड यांनी हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने पहिली मिक्सोमा यशस्वीपणे काढली. आज हृदयशस्त्रक्रियेच्या केंद्रांत ही परिचित शस्त्रक्रिया आहे. गाठ देठासकट आणि पडद्याच्या थोड्या भागासह काढून तेथे ठिगळ लावतात. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच निदान पक्के होते, म्हणून तो अहवाल हातात आल्याशिवाय फाइल बंद करू नये.

प्रश्न : आईची मिक्सोमा तीन वर्षांपूर्वी काढली. आम्हा भावंडांनीही इको करावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतेक मिक्सोमा आनुवंशिक नसतात आणि नीट काढल्यावर शंभरांत एक ते तीन रुग्णांतच पुन्हा उद्‌भवतात. मात्र आईला गाठ तरुण वयात झाली असेल, एकाहून अधिक गाठी असतील, किंवा ओठांवर व पापण्यांवर काळसर ठिपके असतील, तर ‘कार्नी कॉम्प्लेक्स’ या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो आणि मग रक्ताच्या सर्व जवळच्या नातेवाइकांचा इको करणे योग्य. आईचा स्वतःचा इको दर वर्षी चालू ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या (वय ६८) महाधमनीच्या झडपेवर नऊ मिलिमीटरची वाढ दिसली आहे, त्रास काहीच नाही. तरी काही करावे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : ही बहुधा पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा असावी, पाण्यात धरली, तर समुद्रफुलासारखी पसरणारी, छोटी, साधी गाठ. आकार लहान असल्याने ती निरुपद्रवी वाटते, पण पक्षाघात हेच तिचे पहिले लक्षण असू शकते. अन्ननलिकेतून इको करून ती किती हलते आणि तिला देठ आहे का, हे पाहावे. हलणारी असेल आणि वडिलांची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्याजोगी असेल, तर ती खरवडून काढता येते आणि झडप बहुतेक वेळा वाचते. स्थिर असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध आणि ठरावीक काळाने इको यांवर राहता येईल. तोवर इकोचा अहवाल वडिलांच्या पाकिटात ठेवा. तोंड वाकडे झाले, हात पडला किंवा शब्द फुटेनासे झाले, तर ती वेळ लिहून ठेवून तासाभरात मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते; आणि धमनीतला अडथळा तारेने ओढून काढला, तर तो टाकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवायला सांगा, कारण त्यातच गाठीच्या पेशी सापडू शकतात.