एएलएसमध्ये अँटिऑक्सिडंट विकर बिघडते, तर ते गोळ्यांनी भरून का काढता येत नाही?

आपण विचारले आहे की, एएलएस या, चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचे अँटिऑक्सिडंट विकर, म्हणजे एन्झाइम, बिघडलेले असते असे वाचनात आले. मग ते विकर वाढवणाऱ्या कॅप्सूल घरातील रुग्णाला द्याव्यात का, आणि कंपवातातही (पार्किन्सनमध्येही) असेच घडते का. मी पदवीच्या वर्गांना जीवरसायनशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे औषधांचा निर्णय आपल्या न्यूरॉलॉजिस्टनीच घ्यायचा आहे. विकराबद्दलची समजूत मात्र दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यापायी अनेक कुटुंबांचा पैसा जातो आणि या आजारात पैशाहून मोलाचा असलेला वेळही जातो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकाँड्रियांमध्ये) हा प्राणवायू वापरला जात असताना त्याच्या काही रेणूंना एक जादा इलेक्ट्रॉन चिकटतो आणि सुपरऑक्साइड तयार होते. बैलाच्या रक्तातून १९३८ मध्ये तांबे असलेले एक प्रथिन वेगळे करण्यात आले होते. त्याचे काम काय, हे तीस वर्षे कोणालाच उमगले नव्हते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, हे प्रथिन म्हणजेच सुपरऑक्साइड डिस्म्युटेज असून ते सुपरऑक्साइडचे रूपांतर प्राणवायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांत करते. हायड्रोजन पेरॉक्साइडही निरुपद्रवी नव्हे. लोहाशी गाठ पडली की त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक हा अत्यंत विध्वंसक, चटकन प्रतिक्रिया करणारा कण निर्माण होतो. म्हणून पुढचे काम कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे करतात आणि पेरॉक्साइडचे पाणी करून टाकतात. मेंदूत कॅटालेजचे प्रमाण कमी असल्याने बराचसा भार ग्लुटाथायोन या पेशीतील छोट्या अँटिऑक्सिडंट रेणूवर अवलंबून असलेल्या विकरांवर पडतो. साखळीतील एकच कडी वाढवली तर पुढच्या कडीवर ताण येतो, ही गोष्ट या विषयात सतत लक्षात ठेवावी लागते.

आता एएलएसकडे वळतो. या आजारात स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या मेंदूतील आणि मज्जारज्जूतील चेतापेशी मरत जातात. काही घराण्यांत तो पिढ्यानपिढ्या दिसतो. अशा १३ कुटुंबांत एसओडी-१ या, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज बनवणाऱ्या जनुकातील ११ वेगवेगळी उत्परिवर्तने (जनुकातील बदल) सापडल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विकर कमी पडले, सुपरऑक्साइड साचले, पेशी मेल्या, असा सरळ निष्कर्ष त्या वेळी अनेकांनी काढला. आपल्या वाचनात आलेली माहिती बहुधा याच टप्प्यावर थांबलेली आहे.

पुढच्या तीन वर्षांतील उंदरांवरील प्रयोगांनी हा निष्कर्ष टिकू दिला नाही. १९९४ मध्ये मानवी एसओडी-१ जनुकाचे उत्परिवर्तित रूप उंदरांमध्ये घातले गेले. त्यांच्यात विकराची क्रिया नेहमीपेक्षा जास्त होती, तरीही त्यांचे पाय लुळे पडले आणि ते मेले. उलट १९९६ मध्ये हे जनुकच काढून टाकलेले उंदीर प्रौढ वयापर्यंत वाढले आणि त्यांना एएलएससारखा आजार झाला नाही. रुग्णांतही हेच दिसते: काही उत्परिवर्तनांत विकराची क्रिया जवळजवळ पूर्ण शाबूत असते, तरी आजार होतो. मला जीवरसायनशास्त्रातील अत्यंत बोलक्या प्रयोगांपैकी हे वाटतात. १५३ अमिनो आम्लांचे हे प्रथिन एरवी विलक्षण टणक असते. उत्परिवर्तनामुळे त्याची घडी चुकते, चुकलेल्या घडीचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि ते चेतापेशींना घातक ठरतात. विकराचे काम बंद पडणे हे येथे मुख्य कारण नाही. प्रथिन स्वतःच विषारी होणे हे आहे.

म्हणूनच या प्रकारच्या एएलएससाठी निघालेले औषध हे प्रथिन वाढवत नाही, ते कमी करते. टोफर्सेन हे औषध पाठीच्या कण्यातून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचले जाते आणि एसओडी-१ प्रथिन बनवण्याचा निरोपच नष्ट करते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. २८ आठवड्यांच्या मुख्य चाचणीत रुग्णांच्या हालचालींतील फरक अपेक्षेइतका ठरला नव्हता, परंतु चेतापेशींच्या हानीचे निदर्शक असलेले न्यूरोफिलामेंट रक्तात स्पष्टपणे घटले होते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: या विकराचा जन्मतः पूर्ण अभाव असलेल्या मुलांची नोंद २०१९ मध्ये झाली आणि त्यांना लहानपणीच हालचालींचा गंभीर विकार झालेला होता. म्हणजे विकर निरुपयोगी मुळीच नाही. ते योग्य घडीचे आणि पुरेसे हवे.

हे सारे एएलएसच्या सर्व रुग्णांपैकी साधारण २ टक्क्यांनाच लागू पडते. बहुसंख्य रुग्णांत एसओडी-१ जनुकात असे कोणतेही उत्परिवर्तन नसते.

कॅप्सूलबद्दल माझे मत स्पष्ट आहे. विकर हे प्रथिन असते. तोंडाने घेतले की डाळीतल्या प्रथिनासारखे ते पचून जाते, आणि त्यातले काही रक्तात पोहोचले तरी इतका मोठा रेणू रक्त आणि मेंदू यांमधील अडसर सहजी ओलांडत नाही. कंपवातात मेंदूच्या सबस्टँशिया नायग्रा या भागातील ग्लुटाथायोन कमी झालेले आढळते हे खरे आहे. तरीही ८०० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत दररोज २००० युनिट ई जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट देऊनही आजाराची गती मंदावली नाही, असा निकाल १९९३ मध्येच आला, आणि कोएन्झाइम क्यू-१० या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटची ६०० रुग्णांवरील चाचणीही लाभ दिसत नसल्याने थांबवावी लागली. मुक्त मूलके टिपणारे एडाराव्होन हे औषध एएलएससाठी जपानमध्ये २०१५ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील निवडक रुग्णांत त्याचा मर्यादित उपयोग दिसला. ते विकर नव्हे आणि दुकानात मिळणाऱ्या पूरक गोळ्यांशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

आपल्या घरात आणखी कोणाला हा आजार झाला असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना एसओडी-१ च्या जनुकीय चाचणीबद्दल आणि तिच्या आधीच्या समुपदेशनाबद्दल आवर्जून विचारा, कारण त्या निकालाचा संबंध भावंडांशी आणि मुलांशीही पोहोचतो. घराण्यात आजार नसला तरी हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. कॅप्सूलवर होणारा खर्च रुग्णाचे वजन टिकवणारा आहार, गिळण्याची नियमित तपासणी आणि गरज पडेल तेव्हा श्वासाला आधार देणारे यंत्र यांसाठी राखून ठेवा, आणि रिल्युझोल हे एएलएसवरील औषध सुरू केले नसेल तर त्याबद्दलही पुढच्या भेटीत विचारा.